मत, उल्लेख आणि लोकभावना : ‘पार्थेनॉन’ प्रकरणाचा एक भाषिक विचार

विद्यार्थ्यांनी चालविलेल्या पत्रात एखादे मत प्रसिद्ध होते, त्यावर क्षोभ उसळतो, आणि पाहता पाहता मूळ मत बाजूला राहून ते मांडणाऱ्याच्या वर्तनाची, त्याच्या शिक्षकांची व त्याच्या संस्थेची चौकशी सुरू होते. हा अनुभव नवा नाही व तो एका देशापुरता मर्यादितही नाही. अशा प्रसंगांचा विचार बहुधा कायद्याच्या किंवा नीतीच्या अंगाने होतो. लेखनस्वातंत्र्य किती असावे, शिस्तीची मर्यादा कोठे आखावी, असे प्रश्न त्यात येतात. परंतु या क्षोभाला एक भाषिक अंगही आहे व त्याकडे सहसा लक्ष जात नाही. विधान एका मुखातून दुसऱ्या मुखात जाताना त्याच्या व्याकरणात नेमके काय बदलते, हे पाहिल्याशिवाय मूळ लेख व त्यावरची शिक्षा यांत इतके अंतर का पडते, हे उलगडत नाही. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजमध्ये १८३० व १८३१ या दोन वर्षांत जे घडले, ते या दृष्टीने फार बोलके आहे. त्या प्रकरणातील ठराव व पत्रव्यवहार टॉमस एडवर्ड्स यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डिरोझिओ-चरित्रात उपलब्ध आहेत. त्यामुळे कोणी काय म्हटले याचा तपास शब्दांच्या पातळीवर करता येतो.

हिंदू कॉलेजची स्थापना १८१७ मध्ये झाली. कलकत्त्यातील सधन हिंदू गृहस्थांनी आपल्या मुलांना इंग्रजी विद्या मिळावी म्हणून वर्गणी काढून ही संस्था उभारली होती. हेन्री लुई व्हिव्हियन डिरोझिओ हे १८२६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तेथे शिक्षक झाले. त्यांच्याभोवती वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांचे जे मंडळ जमले, त्यातून एक वादसभा निघाली. श्रीकृष्ण सिंह यांच्या माणिकतळा येथील बागेतील घरी तिच्या बैठका होत, आणि नियती व इच्छास्वातंत्र्य, ईश्वराचे अस्तित्व, मूर्तिपूजा अशा विषयांवर तेथे दोन्ही बाजूंनी भाषणे होत. याच मंडळाने १८३० च्या फेब्रुवारीत ‘पार्थेनॉन’ नावाचे इंग्रजी पत्र काढले. हिंदी विद्यार्थ्यांनी स्वतःची मते मांडण्यासाठी काढलेल्या अगदी आरंभीच्या पत्रांत त्याची गणना होते. पहिल्या अंकात स्त्रीशिक्षण, युरोपीयांची हिंदुस्थानातील वसाहत, हिंदू समाजातील अंधश्रद्धा आणि सरकारी न्यायालयांतील न्यायाचा महागडेपणा असे विषय होते. दुसरा अंक छापून तयार झाला. पण कॉलेजच्या चालकांनी तो वर्गणीदारांच्या हाती पडू दिला नाही. पत्र तेथेच संपले.

विषयांच्या या यादीत समाजावर जशी टीका आहे, तशीच कंपनीच्या न्यायव्यवस्थेवरही आहे. तथापि क्षोभ उसळला तो पहिल्या टीकेमुळे, आणि त्याचे कारण त्या महिन्यांच्या इतिहासात आहे. सतीबंदीचा कायदा १८२९ च्या डिसेंबरात झाला. त्याला विरोध करण्यासाठी १८३० च्या जानेवारीत धर्मसभा स्थापन झाली. तिचे चिटणीस भवानीचरण बंद्योपाध्याय हे ‘समाचार चंद्रिका’ या बंगाली पत्राचे संपादक होते, आणि तिचे अध्वर्यू राधाकान्त देव हे हिंदू कॉलेजच्या चालकांपैकी एक होते. म्हणजे धर्मसभेनंतर जेमतेम एका महिन्याने, तिच्याच एका पुढाऱ्याच्या देखरेखीखालील संस्थेतून, ‘पार्थेनॉन’ बाहेर पडले. दुसऱ्या एखाद्या वर्षी हेच लेख कदाचित विद्यार्थ्यांचा निबंधविलास म्हणून सोडून दिले गेले असते.

येथे पहिला भाषिक प्रश्न उपस्थित होतो : हे लेख कोणाचे मानले गेले? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ‘वक्ता’ ही कल्पना एकसंध नाही असे दाखवून दिले. शब्द उच्चारणारा एक असतो, ते शब्द रचणारा दुसरा असू शकतो, आणि त्या शब्दांनी ज्याची भूमिका बांधली जाते तो तिसराही असू शकतो. न्यायालयात वकील बोलतो, पण बांधला जातो अशील. सरकारी पत्रकावर सही एकाची असते, मसुदा दुसऱ्याचा असतो आणि धोरण तिसऱ्याचेच असते. प्रौढ लेखकाच्या बाबतीत या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीत आहेत असे वाचक गृहीत धरतो. विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र तो तसे सहसा धरीत नाही. त्याने लिहिले हे मान्य होते. परंतु त्या मताचा धनी तो असेल यावर विश्वास बसत नाही. मग त्याच्यामागे कोणीतरी असला पाहिजे असे मानले जाते, आणि शोध दोन दिशांनी सुरू होतो. एक तर त्याला हे शिकविणारा कोणी आहे, किंवा ज्या संस्थेचे नाव पत्राला चिकटले आहे तिचेच हे मत आहे.

दुसऱ्या दिशेचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील हेझलवुड येथील शाळेचे आहे. तेथील विद्यार्थी-पत्रातून मुख्याध्यापकांनी १९८३ मध्ये दोन पाने काढून टाकली. त्यांत विद्यार्थिनींचे गरोदरपण व आईवडिलांचा घटस्फोट या विषयांवरील लेख होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी मुख्याध्यापकांची बाजू उचलून धरली. त्या निकालात महत्त्व होते ते या गोष्टीला, की अशा पत्रावर शाळेची मोहोर आहे असे वाचकाला वाजवीपणे वाटू शकते. लिहिणाऱ्याचे नाव लेखाखाली असूनही विधानाचा धनी शाळा ठरू शकते, असाच त्याचा अर्थ होतो.

कलकत्त्यात मात्र शोध पहिल्या दिशेने गेला. ‘पार्थेनॉन’ बंद झाल्यानंतर चालकांनी प्रथम शिक्षकांना ताकीद दिली. विद्यार्थ्यांशी हिंदू धर्माविषयी बोलू नये, आणि हिंदूंच्या आचारकल्पनांना बाधक असे खाणेपिणे वर्गात होऊ देऊ नये, असा तिचा आशय होता. मिशनरी अलेक्झांडर डफ यांच्या खटपटीने १८३० च्या ऑगस्टात ख्रिस्ती धर्मावर एक व्याख्यान झाले. त्यावरून गदारोळ उठल्यावर, राजकीय व धार्मिक चर्चा करणाऱ्या सभांना विद्यार्थ्यांनी जाणे चालकांना अत्यंत नापसंत आहे, असे जाहीर करण्यात आले. दरम्यान शहरात कुजबुज वाढत गेली, पालक मुलांना कॉलेजमधून काढून घेऊ लागले, आणि १८३१ च्या एप्रिलमध्ये रामकमल सेन यांच्या पुढाकाराने चालकांची खास सभा बोलावण्यात आली. त्यांच्या टिपणात सर्व अनर्थांचे मूळ म्हणून एकाच शिक्षकाकडे बोट दाखविले होते. लेख विद्यार्थ्यांनी लिहिले होते, वादही विद्यार्थ्यांनी घातले होते. विधानाचा धनी मात्र डिरोझिओ ठरले. ही सभा २३ एप्रिलला भरली. पाचच दिवसांपूर्वी त्यांना बावीस वर्षे पूर्ण झाली होती.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला या सभेची एक गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही. सभेला बसलेल्यांत तीन कोशकार होते. राधाकान्त देव यांचा ‘शब्दकल्पद्रुम’ हा प्रचंड संस्कृत कोश १८२२ पासून प्रसिद्ध होऊ लागला होता. होरेस हेमन विल्सन यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८१९ मध्ये निघाला होता. रामकमल सेन यांचा इंग्रजी-बंगाली कोश १८३४ मध्ये पूर्ण व्हावयाचा होता. शब्दाशब्दाची अर्थच्छटा तोलण्यात आयुष्य घालविलेली ही माणसे त्या दिवशी दोन प्रश्नांवर मत द्यावयाला बसली होती, आणि त्या दोन प्रश्नांच्या शब्दयोजनेतील फरकातच सारे प्रकरण सामावले आहे.

पहिला प्रश्न असा होता : डिरोझिओ यांच्या शिष्यांवर दिसून आलेल्या परिणामांवरून, त्यांची नैतिक व धार्मिक मते त्यांना तरुणांच्या शिक्षणासाठी अयोग्य ठरवितात असे मानण्यास योग्य आधार आहे काय? यावर राधाकान्त देव, राधामाधव बंद्योपाध्याय व रामकमल सेन या तिघांनी त्यांना अयोग्य ठरविले. उरलेल्यांनी तसे म्हटले नाही. डेव्हिड हेअर यांनी तर डिरोझिओ हे अत्यंत समर्थ शिक्षक असून त्यांचे अध्यापन नेहमी हितकारकच ठरले आहे असा निर्वाळा दिला. पुरावा नसल्याने प्रसन्नकुमार ठाकूर यांनी त्यांना दोषमुक्त मानले. परंतु या मतांत सर्वांत अर्थपूर्ण आहे ते एक वारंवार आलेले पद. ऐकीव माहितीखेरीज आपल्याला यातले काही ठाऊक नाही, असे चंद्रकुमार ठाकूर व रसमय दत्त यांनी नमूद केले. अयोग्य ठरविणाऱ्यांपैकी राधामाधव यांचाही आधार कानांवर आलेल्या वार्तांचाच होता.

मराठीत या स्थितीसाठी एक छोटा अव्ययवजा शब्द आहे : ‘म्हणे’. ‘तो देव मानीत नाही’ या वाक्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर असते. ‘तो म्हणे देव मानीत नाही’ या वाक्यात ती दुसऱ्या कोणा अनामिकावर जाते. बंगालीत ‘नाकि’ हेच काम करते. इंग्रजीत असे सुटसुटीत अव्यय नाही. तेथे एखादे आख्खे उपवाक्य किंवा क्रियाविशेषण घालावे लागते, आणि घाईत ते गळून पडते. अर्थात ‘म्हणे’ असणाऱ्या भाषांतही तो टिकतोच असे नाही. अफवेचे व्याकरण असे सांगता येईल : पहिल्या फेरीत ‘त्याने अमुक मत वर्गात मांडून दाखविले’, दुसऱ्या फेरीत ‘तो म्हणे अमुक मानतो’, तिसऱ्या फेरीत नुसते ‘तो अमुक मानतो’. प्रत्येक फेरीत एकेक उद्धरणचिन्ह गळते, आणि शेवटी उरते ते निखळ विधान. ते विधान त्या माणसाने कधीच केलेले नसते. चालकांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की, त्यांतील काही जणांनी आपल्या वाक्यातील ‘म्हणे’ गळू दिला नाही. ऐकीव ते ऐकीव म्हणूनच त्यांनी नोंदविले, आणि म्हणूनच पहिल्या प्रश्नावर आरोप सिद्ध झाला नाही.

मग दुसरा प्रश्न पुढे आला : कलकत्त्यातील हिंदू समाजाच्या लोकभावनेची सद्यःस्थिती पाहता डिरोझिओ यांना कॉलेजमधून दूर करणे इष्ट आहे काय? या वाक्यात डिरोझिओ यांच्या मतांचा उल्लेख नाही, त्यांच्या शिष्यांचाही नाही. पहिल्या प्रश्नाला पुराव्याने उत्तर देता येत होते, आणि म्हणून तो फेटाळताही येत होता. दुसऱ्या प्रश्नात पुराव्याची जागा लोकभावनेने घेतली. आणि लोकभावना ही खरी की खोटी असा प्रश्नच संभवत नाही, ती फक्त असते. जी अफवा पहिल्या प्रश्नात पुरावा म्हणून अपुरी पडली, तीच दुसऱ्या प्रश्नात वस्तुस्थिती म्हणून पुरेशी ठरली. विल्सन व हेअर यांनी, प्रश्न हिंदूंच्या भावनेचा आहे म्हणून, मत दिले नाही. उरलेल्या सातांपैकी चंद्रकुमार ठाकूर, राधाकान्त देव, रामकमल सेन व राधामाधव बंद्योपाध्याय यांनी ‘आवश्यक’ असे उत्तर दिले. रसमय दत्त व प्रसन्नकुमार ठाकूर यांनी ‘इष्ट’ असे म्हटले. ‘अनावश्यक’ असे म्हणणारे एकटे श्रीकृष्ण सिंह, ज्यांच्या बागेत ती वादसभा भरत असे. प्रश्न इष्टतेचा होता आणि चौघांनी त्याला आवश्यकतेचे उत्तर दिले, ही पायरी कोशकारांच्या सभेत कोणाच्या ध्यानात आली नसेल असे मानणे कठीण आहे. प्रसन्नकुमार ठाकूर यांचे मत विशेष विचार करावयास लावते. त्याच वर्षी ‘रिफॉर्मर’ हे सुधारणावादी इंग्रजी पत्र त्यांनी स्वतः सुरू केले होते. दोषमुक्त मानलेल्या माणसाला दूर करणे ‘इष्ट’ आहे, ही दोन्ही मते एकाच बैठकीत त्यांना परस्परविरोधी वाटली नाहीत.

डिरोझिओ यांनी २५ एप्रिलला राजीनामा पाठविला. आपल्यावर कोणताही आरोप ठेवण्यात आला नाही. ठेवला असल्यास तो आपल्याला कळविण्यात आला नाही. साक्षीदार तपासले गेले नाहीत. आणि बहुसंख्य चालकांनी आपल्याला अयोग्य मानले नसतानाही दूर करण्याचे ठरले, या गोष्टी त्यांनी त्यात क्रमाने नोंदविल्या. त्याच दिवशी विल्सन यांनी त्यांना खाजगी पत्राने तीन प्रश्न विचारले. ईश्वर आहे असे आपण मानता काय? आईबापांचा आदर व आज्ञापालन हा नीतीचा भाग नाही असे आपले मत आहे काय? बहीणभावांचा विवाह निर्दोष आहे असे आपण समजता काय? अफवेच्या तिसऱ्या फेरीतील निखळ विधानेच येथे प्रश्नार्थक रूपात आली आहेत.

२६ एप्रिलच्या उत्तरात डिरोझिओ यांनी जे केले, त्याला गळालेली उद्धरणचिन्हे पुन्हा लावणे असे म्हणता येईल. ईश्वर नाही असे आपण कोणाच्याही ऐकण्यात कधी म्हटलेले नाही. तत्त्ववेत्त्यांनी घेतलेल्या शंका मात्र आपण सांगितल्या, आणि त्यांची समाधानेही सांगितली, असे त्यांनी लिहिले. ह्यूमच्या संवादातील युक्तिवाद विद्यार्थ्यांपुढे ठेवले, तसेच रीड व ड्यूगल्ड स्ट्यूअर्ट यांची त्यावरील उत्तरेही ठेवली. आज्ञापालनाबाबत त्यांनी उलट दाखले दिले. वडिलांच्या वागणुकीला कंटाळून घर सोडू पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याला आपण त्यापासून परावृत्त केले, असे त्यांनी सांगितले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी साफ नकारार्थी दिले, आणि असला मूर्खपणा आपल्या नावावर कोणी घातला असेल याचे आश्चर्य व्यक्त करताना घरोघर बातम्या पोचविण्याखेरीज उद्योग नसलेल्या एका गृहस्थाचाही निर्देश केला.

शंका सांगणे आणि शंका घेणे यांतील हा भेद आपल्याकडील शास्त्रपद्धतीला नवा नाही. पूर्वपक्ष जितका बळकट मांडावा तितका सिद्धान्त बळकट होतो, ही तर भाष्यकारांची नित्याची रीत आहे. मीमांसकांनी विधी आणि अनुवाद यांत केलेला भेदही येथे आठवतो : दुसरीकडून प्राप्त झालेली गोष्ट पुन्हा सांगणे म्हणजे ती विहित करणे नव्हे. चार्वाकाचे मत सविस्तर मांडणाऱ्या माधवाचार्यांना कोणी चार्वाक म्हणत नाही. ‘शब्दकल्पद्रुमा’च्या कर्त्याला हे कोणी शिकवावयास नको होते. मग हा न्याय डिरोझिओ यांना का मिळाला नाही? एक कारण असे संभवते की, शास्त्रग्रंथात पूर्वपक्षाची जागा ठरलेली असते व वाचकाला सिद्धान्ताची खात्री असते. वर्गात व विद्यार्थ्यांच्या पत्रात ती खात्री नसते. सिद्धान्त काय येईल हे तेथे खरोखरच मोकळे सोडलेले असते. पालकांना भय वाटले ते बहुधा याच मोकळेपणाचे, आणि त्या भयाला अगदीच आधार नव्हता असे म्हणता येत नाही.

चालकांना केवळ प्रतिगामी ठरवून हे प्रकरण मिटविणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. कॉलेज हिंदू कुटुंबांच्या विश्वासावर उभे होते. मुले निघून गेली असती तर शिकविण्यास कोणी उरले नसते. राधाकान्त देव स्वतः स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते होते. त्यांचा विरोध ‘पार्थेनॉन’मधील प्रत्येक मताला होता असे नाही. ती मते कोणी, कोणत्या जागेवरून व कोणाला उद्देशून मांडली, यावर तो होता. तथापि संस्थेच्या अडचणीचा निर्णय व्यक्तीच्या योग्यतेच्या सभेत घेतला गेला, आणि पुढे लोकांच्या स्मरणात तो योग्यतेचाच निर्णय म्हणून राहिला, ही त्यातील खरी हानी होय. ‘सोयीसाठी दूर केले’ या वाक्यातील ‘सोयीसाठी’ हे पदही ‘म्हणे’सारखेच लवकर गळते.

मुंबईकडेही याच जातीचा एक प्रसंग नमूद आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना महादेव गोविंद रानडे यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची तुलना ब्रिटिश कारभाराशी करून दुसऱ्याला उणे ठरविले. तेव्हा प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांना समज देऊन त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखली, असे चरित्रकार सांगतात. तेथे समाजाचा क्षोभ नव्हता आणि ‘म्हणे’चा प्रश्नही नव्हता, कारण निबंध समोर होता व लेखक ठाऊक होता. जे सरकार शिक्षण देते त्याची निंदा त्याच्याच विद्यार्थ्याने करू नये, एवढाच मुद्दा होता. त्याआधी, १८४१ मध्ये, एल्फिन्स्टनचेच माजी विद्यार्थी भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये कंपनी सरकारवर जी जळजळीत पत्रे लिहिली, त्यांखाली सही होती ‘एक हिंदू’. विधानाचा धनी कोण, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच एका जातिवाचक नामात विरघळवून टाकले होते.

कलकत्त्याच्या मंडळाने हा मार्ग पत्करला नाही. कृष्णमोहन बंद्योपाध्याय यांनी १८३१ च्या मे महिन्यात ‘एन्क्वायरर’ हे इंग्रजी पत्र स्वतःच्या नावाने काढले. ऑगस्टमध्ये ते घरी नसताना त्यांच्या मित्रांनी तेथे गोमांस खाऊन हाडे शेजाऱ्याच्या आवारात फेकली. त्यावरून कृष्णमोहन यांना घराबाहेर पडावे लागले. अठरा वर्षांच्या संपादकाच्या लेखांना जे उत्तर देता आले नव्हते, ते मित्रांच्या या उच्छृंखलपणाने विरोधकांच्या हाती आयते दिले. या भागात मंडळाचा दोष झाकण्याचे कारण नाही. डिरोझिओ यांनी जूनमध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे पत्र सुरू केले होते. २६ डिसेंबर १८३१ रोजी पटकीने त्यांचा अंत झाला.

या मंडळातील दोघांनी, प्यारीचाँद मित्र व राधानाथ सिकदार यांनी, पुढे १८५४ मध्ये ‘मासिक पत्रिका’ काढली. ‘पार्थेनॉन’ इंग्रजीत होते. म्हणजे ज्यांच्या आचारविचारांवर ते बोलत होते त्यांच्या घरातील बहुतेकांपर्यंत, आणि ज्यांच्या शिक्षणाचा कैवार त्याने घेतला त्या स्त्रियांपर्यंत तर मुळीच, ते थेट पोचणारे नव्हते. पोचला तो त्याचा ऐकीव सारांश. ‘मासिक पत्रिका’ रोजच्या बोलण्यातील बंगालीत लिहिली गेली. तिच्यावर एक सूचना छापलेली असे. ही पत्रिका सामान्य लोकांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी आहे. विद्वान पंडितांना वाचावयाची असल्यास त्यांनी खुशाल वाचावी, पण ती त्यांच्यासाठी लिहिलेली नाही, असा तिचा आशय होता.